सुरुवात टाकीपासून

जिप्सीला इंजेक्शन करून घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी ईसीएमबद्दल, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाबद्दल, विचारतो. कुठल्या गाडीचा घालणार, नवा मिळेल की भंगारातला, लॅपटॉप जोडता येईल का. पुण्याच्या वेशीवरच्या ज्या गॅरेजात या लेखासाठी मी अधूनमधून जाऊन बसत होतो, तिथले मिस्त्री हे प्रश्न ऐकून घेतात, मान डोलावतात आणि गाडीच्या मागच्या बाजूने खाली शिरतात. त्यांचं पहिलं काम पेट्रोलची टाकी उतरवणं. ४० लिटरची पत्र्याची टाकी, आत पंचवीसेक पावसाळ्यांचा गंज. घमेल्यात उपडी केली की तपकिरी गाळ आणि पत्र्याचे पापुद्रे बाहेर येतात. "हे सगळं कारबोरेटर पचवत होता," मिस्त्री म्हणतात. "इंजेक्टर एक कणही पचवणार नाही. मेंदूचं नंतर बघू साहेब, आधी पोट साफ करू."

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवणं म्हणजे संगणकाचं काम, हा समज त्या गॅरेजात तासाभरात गळून पडतो. हे मुख्यतः नळजोडणीचं आणि वायरमनचं काम आहे. संगणक शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा चूक त्याची नसते.

मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर १९८५ मध्ये. सुझुकीच्या एसजे-४१० ची ही लांब चासीची आवृत्ती. चारही चाकांना पाटे, हवं तेव्हा जोडता येणारं फोर-बाय-फोर, ९७० सीसीचं इंजिन आणि जेमतेम ४५ बीएचपी. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली. तिच्यात एस्टीमच्या घराण्यातलं १,२९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन होतं, पाचवा गिअर होता, ताकद ६० बीएचपी झाली, पण पेट्रोल अजून कार्ब्युरेटरमधूनच जात होतं. २००० मध्ये याच मापाचं इंजिन सोळा व्हॉल्व्हचं होऊन आलं, एमपीएफआय झालं (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला आपला इंजेक्टर) आणि ८० बीएचपी देऊ लागलं. या आकड्यांवरून 'इंजेक्शन केलं की वीस बीएचपी वाढतात' असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. त्या विसांतला मोठा वाटा दुप्पट झालेल्या व्हॉल्व्हचा आहे. जुन्याच आठ व्हॉल्व्हच्या डोक्यावर इंजेक्शन चढवलं तर गाडी शहाणी होते, पैलवान होत नाही.

जिप्सीचं अमेरिकेत विकलं गेलेलं भावंड म्हणजे सुझुकी समुराई. तिला १९९० मध्येच कारखान्यातून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन मिळालं. आपल्याकडे ते दहा वर्षं उशिरा आलं, आणि आलं ते गाडीने डोंगर नीट चढावा म्हणून नव्हे. दिल्लीच्या हवेबद्दल एम. सी. मेहता यांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश दिला: राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून नोंदल्या जाणाऱ्या खासगी मोटारी युरो-वन आणि १ एप्रिल २००० पासून युरो-टू निकषांच्या असल्या पाहिजेत. मारुतीचा कारखाना गुडगावचा, म्हणजे त्याच अंगणातला. पुढच्या वर्षी मुंबईचा नंबर लागला. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी आसपास सतत राहावं लागतं. भोकांच्या आणि स्प्रिंगांच्या भरवशावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरला हे वर्षानुवर्षं सांभाळणं अवघड. म्हणून तो गेला. जंगलात, लडाखात आणि सह्याद्रीत जिप्सी हाकणाऱ्यांना जो फायदा झाला तो निव्वळ अनुषंगाने.

तरी कार्ब्युरेटरला नावं ठेवण्याआधी त्याची करामत बघावी. नळीला मध्येच गळा आवळलेला असतो. इंजिनने ओढलेली हवा त्या गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो, आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल पितळी जेटच्या बारीक भोकातून आपोआप वर खेचलं जातं. वीज लागत नाही, हिशेब लागत नाही. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो: पेट्रोल वाढलं की तो वर येतो आणि सुई भोक बंद करते. थंडीत सुरू करायला चोक, अचानक दाबलेल्या ॲक्सिलरेटरसाठी पिचकारीसारखा छोटा पंप, मंद चालण्यासाठी वेगळा मार्ग. एवढी कामं एका मुठीएवढ्या ओतीव डब्यात होतात आणि पान्ह्याने उघडून रॉकेलने धुता येतात.

पण हा डबा एक गोष्ट गृहीत धरतो: गाडी सपाटीवर आहे. वाटीतलं पेट्रोल शेवटी पेट्रोलच. मुळशीकडच्या एखाद्या धावेवर जिप्सीने नाक वर केलं, चाक दगडावर चढून गाडी एका अंगाला कलली, की वाटीतली पातळी तिरपी होते. एका कलात जेट उघडा पडतो आणि इंजिन उपाशी मरतं. दुसऱ्या कलात पेट्रोल उतू जाऊन प्लग भिजतात. नेमकं जिथे इंजिन बंद पडणं धोक्याचं, तिथेच ते पडतं. याच दुखण्याने १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांना छळलं होतं. स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनांना फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. विमानाचं नाक एकदम खाली ढकललं की इंजिन खोकून क्षणभर बंद पडे. समोरच्या जर्मन विमानांच्या डायमलर-बेंझ इंजिनांत थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं यांत्रिक इंजेक्शन असल्याने ती तशीच सूर मारून निसटत. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बीॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी चकती बसवून तात्पुरता इलाज केला. जिप्सीवाल्यांचे इलाजही त्याच जातीचे असतात: फ्लोटची पातळी किंचित खाली घ्यायची, वाटीच्या हवेची नळी उंचावर न्यायची. थोडा फरक पडतो, दुखणं जात नाही.

दुसरं दुखणं उंचीचं. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असे, ते जास्त होतं). इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली जाते. कार्ब्युरेटर हवेचं वजन मोजत नाही, तिच्या वेगाने पडणाऱ्या दाबावर पेट्रोल सोडतो. त्यामुळे हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने घटत नाही. गणित केलं तर सपाटीवर १४.७ असलेलं प्रमाण तिथे अकराच्या आसपास येतं. काळा धूर, पेट्रोलचा वास, काळवंडलेले प्लग, सकाळी सुरू होताना रडारड. लडाखच्या वाटेवरचे जुने चालक लहान जेट खिशात ठेवत आणि मनालीच्या पुढे कुठेतरी बदलत. परतताना पुन्हा मोठे घालायचे.

इंजेक्शनची गाडी चावी फिरवताक्षणी सेन्सरवरून बाहेरचा दाब वाचते. पुण्यात तो साधारण ९५ किलोपास्कल, खारदुंग लाला ५२ च्या घरात. तेवढ्या मानाने पेट्रोल कमी सोडते आणि प्रमाण जागेवर राहतं. मात्र हवा ती निर्माण करू शकत नाही. ८० बीएचपीची गाडी तिथे जवळपास निम्म्यावर येणारच. 'इंजेक्शन केलं की उंचीवर दम लागत नाही' हे विकणाऱ्याचं बोलणं. दम लागतोच, फक्त ठसका लागत नाही.

तिसरं दुखणं विदर्भातल्या लोकांना विचारावं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आणि ताडोब्यातला सफारीचा खरा हंगामही तोच, कारण पाणवठे आटलेले असतात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. जिप्सी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, वारा नाही, बॉनेटखाली भट्टी. जुन्या जिप्सीत पेट्रोलचा पंप इंजिनवरच बसवलेला. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढल्यामुळे नळीतला दाब उतरतो आणि तापलेलं पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं. पंपाला वाफ ढकलता येत नाही. वाघ दिसला म्हणून इंजिन बंद केलं की पाच मिनिटांत वाटीही तापून रिकामी होते, आणि मग गाडी सुरू व्हायचं नाव घेत नाही. मोहर्लीकडच्या एका चालक-मालकाने सांगितलेला किस्सा: "वाघीण रस्त्यात बसली, अन् गाडी काही घेईना. मांगं गाड्यांची लाइन. पाहुणे वाघिणीकडे कमी अन् माह्याकडे जास्त पाहत होते, जी." त्यांनी नंतर पंपावर ओलं फडकं गुंडाळायला सुरुवात केली आणि पुढच्या हंगामाआधी इंजेक्शनचं इंजिन बसवून घेतलं. इंजेक्शनमध्ये पंप टाकीत पेट्रोलात बुडलेला असतो आणि ओढण्याऐवजी ढकलतो. नळीत वातावरणापेक्षा अडीच-तीन बारने जास्त दाब असल्याने पेट्रोल सहजी उकळत नाही.

या तिन्हींत अलीकडे चौथ्याची भर पडली आहे आणि तिचं मूळ आपल्याच उसाच्या फडात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०२२ च्या जूनपर्यंत दहा टक्क्यांवर आलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांच्या मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास प्रमाण हवं. कार्ब्युरेटरला हे कळायचा मार्ग नाही. जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल जातं आणि मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, पिकअपला अडखळतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरतं. पावसाळ्यात कोकणात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी उघडली तर आत पांढरट पूड आणि चिकट थर दिसतो, आणि जुनं रबरी डायफ्रॅम कडक झालेलं असतं. इंजेक्शनला सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. एवढी दुरुस्ती त्याच्या आवाक्यातली आहे. रबराचा प्रश्न मात्र इंजेक्शनलाही सुटलेला नाही. बदल करतानाच सगळ्या नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घ्यावे लागतात.

'इंजेक्टर उघडा ठेवतो' म्हणजे किती वेळ? इंजिन आयडलिंगवर ८०० च्या फेऱ्यांनी फिरत असताना एका सिलिंडरचं पूर्ण चक्र १५० मिलिसेकंदांचं असतं, आणि त्यात इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. ६,००० फेऱ्यांवर पूर्ण चक्रच २० मिलिसेकंदांत संपतं आणि त्यात दहा-बारा मिलिसेकंद तो उघडा असतो. दाब कायम, भोक कायम. बदलतो तो फक्त वेळ. हा वेळ ठरवायला ईसीएमला ठाऊक हवं: इंजिन किती वेगाने आणि कुठल्या कोनात फिरतंय, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, आत येणारी हवा किती गरम, कूलंट किती गरम, पाय ॲक्सिलरेटरवर किती. प्रत्येकासाठी एक सेन्सर. चोक, ॲक्सिलरेटर पंप, मंद चालीचा मार्ग ही कार्ब्युरेटरची सगळी अवजारं या एका मिलिसेकंदांच्या आकड्यात विरघळून जातात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. वाटा दोन आहेत. पहिली, आपल्याकडे बहुतेक लोक घेतात ती: भंगारातून एमपीएफआय जिप्सीचं अख्खं इंजिन, ईसीएम, वायरिंग आणि टाकीतला पंप असा जोडसंच आणायचा. मुंबईला कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीला मायापुरी, शिवाय लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्या. इंजिन एस्टीमचंही चालतं, पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं आणि जिप्सीत उभं, म्हणून माउंटिंग, पाण्याच्या नळ्या, हवेची वाट, सगळं फिरवावं लागतं. नव्याने हे करणारा माणूस इंजिन आत ठेवतो आणि मागची एखादी वस्तू फायरवॉलला टेकली की डोकं धरून बसतो. या वाटेचा मोठा फायदा असा की ईसीएममधला तक्ता कंपनीने त्याच इंजिनासाठी बसवलेला असतो. ट्यूनिंगची भानगड नाही. मात्र खरेदी करताना मिस्त्री एक अट घालतात: वायरिंग कापलेलं घेणार नाही. भंगारवाला वेळ वाचवायला कटर चालवतो आणि वायरींचा गुच्छ हातात देतो. असा गुच्छ जोडत बसण्यापेक्षा दुसऱ्या गाडीची वाट बघितलेली बरी.

दुसरी वाट हौशी लोकांची. इंजिन जुनंच ठेवायचं, कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवायची आणि बाजारातला किंवा स्वतः जुळवलेला ईसीएम लावायचा. अमेरिकेत याचे तयार संच मिळतात. कार्ब्युरेटरच्या चार बोल्टांवर बसतात आणि शिकत शिकत स्वतःच ट्यून होतात. तिकडे बॉलिंग आणि ग्रिप्पो या दोन अभियंत्यांनी २००१ मध्ये 'मेगास्क्वर्ट' नावाचा स्वतः डागकाम करून बनवायचा ईसीएम आणला, आणि पुढे ऑस्ट्रेलियातून 'स्पीडुइनो' आला, जो अर्डुइनो मेगा या कॉलेजातल्या पोरांच्या ओळखीच्या बोर्डावर चालतो आणि ज्याचा सगळा आराखडा खुला आहे. पुण्यात असे बोर्ड जुळवणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी सापडतात. इंजिनाचा कोन कळण्यासाठी पुलीवर ३६ दातांतला एक काढलेलं चाक बसवावं लागतं. तो रिकामा दात सेन्सरसमोरून गेला की ईसीएमला फेरी कुठून मोजायची ते कळतं. हे चाक भोसरीच्या लेथवाल्याकडून करून आणतात. काम सुबक होतं. पण चाक पुलीवर अर्धा मिलिमीटर वाकडं बसलं तर इंजिन ४,००० फेऱ्यांच्या वर मिसिंग करतं आणि विद्यार्थी आठवडाभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतो.

कुठलीही वाट घ्या, टाकीपाशी यावंच लागतं. जुन्या टाकीत फक्त ओढून घेण्याची एक नळी असते. आता त्यात बुडालेला पंप, वर पेट्रोल जाण्याची नळी, रेग्युलेटरमधून उरलेलं परत येण्याची नळी आणि वाफ कोळशाच्या डब्याकडे नेणारी नळी हवी. एमपीएफआय जिप्सीची टाकी मिळाली तर उत्तम. नाही तर जुन्या टाकीला वरून भोक पाडून पंपाची बैठक जोडायची. इथे मिस्त्री कधी नव्हे ते कडक होतात. पेट्रोल ओतून टाकल्यावरही टाकीत वाफ असते. ठिणगी पडली की स्फोट. टाकी गरम पाण्याने अनेकदा धुऊन, पाण्याने जवळजवळ भरून, मगच कापायची, आणि शक्यतो वेल्डिंग न करता रिव्हेट आणि गॅस्केटवर भागवायचं. हाताखालच्या मुलाला टाकीजवळ मोबाइलही काढू देत नाहीत.

पंप बुडालेला हवा हेही चढावरच लक्षात येतं. टाकी पाव भरलेली, गाडी उभ्या चढणीवर, पेट्रोल सगळं मागे गेलेलं, पंप हवा ओढतो आणि इंजेक्टरांच्या नळीतला दाब कोसळतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी कार्ब्युरेटर काढला तेच मागच्या दाराने परत येतं. म्हणून पंपाभोवती एक वाटी बसवतात आणि परतीचं पेट्रोल त्या वाटीतच सोडतात, किंवा टाकीत आडवे पत्रे टाकतात. याकडे दुर्लक्ष केलेल्या महागड्या संचांच्या गाड्या चढावर खोकताना मी पाहिल्या आहेत. मालक ईसीएमला शिव्या घालत होते.

मग नळ्या. कार्ब्युरेटरचा पंप पाव बारच्या आसपास दाब देतो. तिथे साधी रबरी नळी आणि चिमटीने दाबायची क्लिप चालते. तीन बारला तीच नळी फुगते, आणि क्लिपपाशी सुई टोचल्यासारखी बारीक धार उडू लागते. ती धार तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडली तर काय होतं ते सांगायला नको. इंजेक्शनसाठीची वेगळी नळी आणि गोल आवळणारी क्लिप घेण्यात पैसे वाचवणाऱ्या मालकाचं काम मिस्त्री सरळ परत पाठवतात. शिवाय पंपाचा रिले ईसीएमच्याच ताब्यात ठेवायचा: चावी फिरवली की दोन-तीन सेकंद दाब भरायला, आणि नंतर इंजिन फिरत असेल तरच. काही जण सोपं म्हणून पंप सरळ चावीला जोडतात. गाडी उलटली आणि नळी फुटली तरी तो पेट्रोल फेकत राहतो.

सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळ्यात चुकीचं होणारं काम अर्थिंगचं. सेन्सर पाच व्होल्टच्या आतल्या इशाऱ्यांवर बोलतात. इंजिन, चासी आणि बॅटरी यांच्यामधली निगेटिव्हची वायर जुनी आणि गंजलेली असली की स्टार्टर ओढतो तेव्हा तिच्यात अर्धा-एक व्होल्ट हरवतो आणि ईसीएमला वाटतं की इंजिन आहे त्याहून थंड आहे. तो पेट्रोल वाढवतो, प्लग भिजतात. स्कॅनर लावला की सेन्सर खराब असल्याचा कोड येतो, मालक नवा सेन्सर आणतो, काही फरक पडत नाही, मग दुसरा सेन्सर आणतो. मिस्त्रींकडे येणाऱ्या 'बिघडलेल्या इंजेक्शन'च्या गाड्यांमध्ये पुष्कळदा एवढंच निघतं. बोल्ट काढायचा, खालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, जाड वायर लावायची, वरून ग्रीस. तासाभराचं काम. मजुरी सांगितली की मालकाला पटत नाही, कारण नवा भाग काहीच बसवलेला नसतो.

ट्यूनिंगची खरी मजा दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना मिळते. एका रविवारी ताम्हिणीच्या वाटेवर अशा एका गाडीत मागे बसलो होतो. पुढे मालक गाडी हाकतोय, शेजारी लॅपटॉप मांडीवर घेतलेला विद्यार्थी, पडद्यावर सोळा बाय सोळाचा तक्ता: आडव्या रांगेत फेऱ्या, उभ्या रांगेत मॅनिफोल्डचा दाब. गाडी ज्या खोलीत असेल तो चौकोन उजळतो. "काका, तिसऱ्यातच ठेवा, पाय हलवू नका," असं तो सांगत होता आणि काका घाटात पाय न हलवता गाडी कशी चालवायची या विवंचनेत होते. सायलेन्सरमधला सेन्सर पातळ दाखवतो, विद्यार्थी चौकोनातला आकडा दोनाने वाढवतो, पुढच्या वळणावर पुन्हा तोच चौकोन. त्यांच्या बोलण्यात तापमान, दाब, प्रमाण एवढंच होतं. गॅरेजात मिस्त्री सायलेन्सरला हात लावून, आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून जे ओळखतात तेच हा पोरगा आकड्यांत वाचत होता. दोघं एकमेकांच्या निदानाशी सहसा सहमत असतात, असं माझ्या लक्षात आलं. मिस्त्रींनी गाडी परत आल्यावर एक प्लग काढला, विटकरी रंग बघितला आणि "बरोबर" म्हणाले.

कागदपत्रांचं प्रकरण मालकांना शेवटी आठवतं, खरं तर ते टाकीच्याही आधी यायला हवं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. अख्खं इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर खरेदीची पावती आणि परवानगी घेऊन आरटीओत नोंद करून घेता येते; भंगारातून पावतीशिवाय आणलेलं इंजिन मात्र पुढे विमा, फेरनोंदणी, विक्री अशा प्रत्येक वळणावर आडवं येतं. पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपये झालं होतं, आणि फेरनोंदणीच्या वेळी इंजिन नंबर तपासला जातोच.

पीयूसीच्या यंत्रावर मात्र इंजेक्शनवाला मालक छाती फुगवून उभा असतो. बीएस-टूच्या, म्हणजे आपल्याकडच्या युरो-टूच्या, आधीच्या मोटारीला आयडलिंगवर तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची सूट आहे, बीएस-टू आणि बीएस-थ्रीच्यांना अर्धा टक्का. चांगलं ट्यून झालेलं इंजेक्शन अर्ध्या टक्क्याच्या खाली सहज राहतं. सूट मात्र गाडीच्या जन्मसालाप्रमाणे मिळते, त्यामुळे या कर्तबगारीची सरकारदरबारी काही किंमत होत नाही.

गमावायचं काय? मेलेल्या बॅटरीची कार्ब्युरेटरवाली गाडी उतारावर ढकलून सुरू होते. इंजेक्शनला पंप आणि ईसीएम जागे ठेवायला नऊ-दहा व्होल्ट लागतात. बॅटरी पूर्ण मेली की ढकलणारे दमतात. रस्त्याच्या कडेला पान्ह्याने होणारी दुरुस्ती संपते. फार्महाउसवर महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरिंगला उंदीर लागतात, आणि उंदराने कुरतडलेली एक वायर शोधायला दोन दिवस जातात. पाण्यातून जाणाऱ्यांनी ईसीएम डॅशबोर्डखाली शक्य तितका उंच बसवावा. ओढ्यात गाडी घालून ईसीएम भिजवणारे दर पावसाळ्यात एक-दोन येतातच.

म्हणून माझं मत विचाराल तर सफारीच्या गाड्या, हिमालयात जाणारे आणि खरोखर चढण चढणारे यांनी इंजेक्शन जरूर करावं आणि कंपनीच्याच जोडसंचाचं करावं. नवी जिम्नी २०२३ पासून मिळते, पण ती बंद टपाची. ताडोब्यात पाहुण्यांना उघडी गाडी लागते आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली. तिथे जुन्या गाड्यांना नवं काळीज बसवणं हाच व्यवहार आहे. गावात मिरवायला ठेवलेल्या गाडीचं इंजेक्शन करणं म्हणजे हौस, आणि हौसेला मोल नसलं तरी वायरिंगला असतं.

मिस्त्री याबाबतीत माझ्यापेक्षा जास्त सनातनी निघाले. श्रावणात एक गृहस्थ १९८७ ची ९७० सीसीची जिप्सी घेऊन आले. पहिल्याच मालकाच्या घराण्यातली गाडी, इंजिन नंबर पुस्तकाशी जुळणारा, ताडपत्रीही मूळची. त्यांना मुलाच्या सांगण्यावरून स्पीडुइनो लावायचा होता. मिस्त्रींनी गाडी कुठे चालवता ते विचारलं. रविवारी सकाळी, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, कधी त्याहून कमी. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवला, वाटी उघडली, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलेलं नाही ना ते पाहिलं, जेटमधून तोंडाने हवा फुंकली. नवं डायफ्रॅम, नवी सुई, नवं गॅस्केट घातलं, फ्लोटची पातळी बेताची केली, पंपापर्यंतच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या, आणि मिश्रणाचा स्क्रू पाव फेरी उघडला.

"इंजेक्शनचं काय?" गृहस्थांनी विचारलं.

"पोराला सांगा, मिस्त्री म्हणाला इंजिन बदलायची वेळ आली की करू. आणि साहेब, आठवड्याच्या वर उभी ठेवणार असाल तर आधी पेट्रोलची नळी बंद करा, गाडी चालू ठेवा, आपोआप बंद पडू दे. वाटीत पेट्रोल ठेवू नका."

गृहस्थांनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.